जपानमधले डोंगरावरचे गोल्फ क्लब : जमीन, पाणी, पैसा आणि थोडं गणित



जपान शिकवताना आपण भूकंप, ज्वालामुखी, बुलेट ट्रेन एवढं सांगतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. आज जरा वेगळ्या वाटेने जाऊ. डोंगरउतारावर पसरलेला एक खाजगी गोल्फ क्लब डोळ्यांपुढे आणा.

मुलं पहिला प्रश्न हाच विचारतील की, एवढं मोठं मैदान डोंगरावर कशाला? तर 18 होलच्या मैदानाला तिथे साधारण 100 हेक्टर, म्हणजे जवळजवळ 250 एकर जागा लागते. जपानचा सुमारे तीन चतुर्थांश भाग डोंगराळ. उरलेल्या सपाट पट्ट्यात भातशेती, शहरं, कारखाने यांची दाटी. मग खेळ वर चढला.

खरं तर सुरुवातच डोंगरावर झाली. कोबे बंदरात व्यापार करणारे आर्थर हेस्केथ ग्रूम हे इंग्रज गृहस्थ. त्यांनी 1901 मध्ये रोक्को डोंगरावर चार होल तयार केले. 1903 मध्ये तिथे नऊ होलचं मैदान घेऊन कोबे गोल्फ क्लब सुरू झाला. हा जपानमधला पहिला गोल्फ क्लब. पुढच्याच वर्षी 18 होल झाले. मंडळी डोलीत बसून वर जायची! ज्या गुळगुळीत हिरवळीवर चेंडू ढकलून होलमध्ये घालतात तिला ‘ग्रीन’ म्हणतात. पण इथे सुरुवातीला हिरवळीऐवजी चक्क वाळू असे. खेळाडूंच्या पिशव्या उचलायला पायथ्याच्या खेड्यांतली पोरं येत. (त्यांच्या शाळेचं काय, हे आपल्यासारख्यांच्या मनात येणारच.)

त्या काळी रोक्को डोंगर बराचसा उघडाबोडका होता. लाकूडफाट्यासाठी झाडं तुटलेली, ग्रॅनाइट झिजून झालेली भुसभुशीत माती. पाऊस आला की ती खाली. 1902 मध्ये कोबे शहराने तिथे झाडं लावायला घेतली. तरीही जुलै 1938 च्या अतिवृष्टीत याच डोंगरातून दगडमातीचे लोंढे शहरात उतरले आणि शेकडो माणसं गेली. हे गोल्फमुळे झालं असं नाही हं! पण उतारावरच्या मातीशी खेळणं किती जोखमीचं असतं, ते मुलांना इथे नीट दाखवता येतं.

कारण नंतरच्या क्लबांनी हाच खेळ मोठ्या प्रमाणावर केला. टेकडीचा माथा कापायचा, ती माती शेजारच्या घळीत भरायची आणि सपाट पट्टे काढायचे. झाडं गेली की पाणी मुरत कमी, वाहत जास्त. शिवाय गवत हिरवंगार ठेवायला तणनाशकं, कीटकनाशकं. ती ओढ्यातून खाली गावाच्या पाण्यात जातात म्हणून 1980 च्या दशकाच्या शेवटी ठिकठिकाणी लोकांनी विरोध केला. 1990 मध्ये सरकारला मैदानातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातल्या औषधांसाठी मर्यादा घालून द्याव्या लागल्या.

आता गणित. डोंगरावर सलग 18 होल बसवणं अवघड. म्हणून बरेच क्लब नऊ-नऊ होलचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला ‘पूर्व कोर्स’, ‘पश्चिम कोर्स’ अशी नावं देतात. पूर्ण खेळाला दोन तुकडे लागतात. तीन तुकडे असले तर जोड्या किती? तीन. आणि चार असले तर? मुलांना आठ म्हणायचा मोह होतो, उत्तर सहा. फळ्यावर चार ठिपके काढून रेघा जोडायला लावा, पटकन कळतं.

राहिला पैसा. बऱ्याच खाजगी क्लबांत सभासद होताना मोठी अनामत भरावी लागे, ती ठरावीक वर्षांनी परत मिळायची. 1980 च्या दशकात जमिनीचे भाव भडकले तशी ही सभासदत्वंही शेअरसारखी विकली जाऊ लागली. काहींचे भाव कोट्यवधी येनवर गेले. 1987 मध्ये पर्यटनस्थळांना सवलती देणारा कायदा आला आणि डोंगरात आणखी मैदानं निघाली. मग फुगा फुटला. अनामत परत मागणाऱ्यांची रांग लागली, पण पैसे मैदानातच गाडलेले. कितीतरी क्लबांनी दिवाळं काढलं.

गावाचं काय झालं, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही. जपानमध्ये गोल्फ खेळणाऱ्याला दर खेपेला कर द्यावा लागतो, जास्तीत जास्त 1,200 येन. 18 वर्षांखालच्यांना आणि 70 पासून पुढच्यांना तो माफ. त्यातले 70 टक्के मैदान ज्या गावाच्या हद्दीत असेल त्या गावाला मिळतात. क्लब बंद पडला की हे उत्पन्नही गेलं. आता अशा काही बंद मैदानांवर सौर पॅनेलच्या रांगा दिसतात. जमीन आधीच कापलेली, रस्ता तयार आणि सावली पाडायला झाड नाही.