एकविसाव्या दिवशी काहीही होत नाही

नव्याने सुपरवायझर झालेल्यांसाठी कंपनीत प्रशिक्षण ठेवलं, की चहा-बिस्किटांनंतरच्या सत्रात एक स्लाइड हटकून येते: ‘21 दिवस करा, सवय लागेल.’ सांगलीजवळच्या माधवनगरच्या लूमशेडपासून कुपवाडच्या एमआयडीसीपर्यंत हे वाक्य आता आरतीसारखं पाठ झालं आहे. समोर बसलेला माणूस इमानेइतबारे वहीत लिहून घेतो: रोज शेडमधून एक राउंड, ओरडण्याआधी विचारायचं, काम चांगलं दिसलं तर त्याच दिवशी सांगायचं. आणि बाविसाव्या दिवशी माग चालता ठेवणाऱ्या जॉबरवर पुन्हा पहिल्यासारखा खेकसतो. मग तो स्वतःच निकाल लावून टाकतो, की लीडरशिप वगैरे आपल्या रक्तात नाही.

हा 21 चा आकडा आला कुठून, हे एकदा बघायलाच हवं.

मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. 1960 साली आलेल्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात त्यांनी एक निरीक्षण नोंदवलं. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला पेशंटला किमान साधारण 21 दिवस लागतात. बस, एवढंच. तिथे ना प्रयोग होता, ना कारखाना, ना फोरमन. पुढे व्यक्तिमत्त्व विकासाची दुकानं निघाली, त्यांनी वाक्यातला ‘किमान’ आणि ‘साधारण’ सोयीने गाळला आणि पेशंटच्या चेहऱ्याचा हिशेब माणसाच्या वागणुकीला लावून टाकला. तीन आठवड्यांत माणूस बदलतो म्हटलं की शिबिराची फी वसूल झाल्यासारखं वाटतं, हे त्यातलं खरं कारण असावं.

मोजून पाहिलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. 96 जणांनी रोज एक नवी गोष्ट करायची, कुणी जेवणाबरोबर फळ खायचं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पळायचं. आणि ती किती आपोआप होते, हे नोंदवायचं. सवय मुरायला लागलेला मध्यक काळ निघाला 66 दिवस. त्याहून महत्त्वाचा आहे तो पसारा: 18 पासून 254 दिवसांपर्यंत. आठवड्याची सुटी वजा केली, तर 66 दिवसांची कामावरची हजेरी म्हणजे अकरा आठवडे. आणि हा हिशेब फळ खाण्याचा. जॉबरचं म्हणणं तोंड न उघडता ऐकून घेणं फळ खाण्याइतकं सोपं असतं, असं शेडमध्ये उभा राहिलेला कोणीच म्हणणार नाही.

शंका राहिली असेल तर 2023 चा एक मोठा अभ्यास आहे, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेला. त्यात जिमला जाणाऱ्यांच्या आणि दवाखान्यात हात धुणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या लाखो नोंदी तपासल्या. हात धुण्याची सवय काही आठवड्यांत लागते, जिमची लागायला महिने जातात. सर्वांना लागू पडेल असा जादूचा आकडा सापडला नाही.

या दोन सवयींतला फरक सुपरवायझरच्या कामाचा आहे. दवाखान्यातला कर्मचारी एका पाळीत कितीदा तरी पेशंटच्या खोलीत शिरतो आणि दार हीच त्याची खूण असते. जिम फार तर दिवसातून एकदा. म्हणून ‘मी चांगला लीडर होईन’ हा संकल्प कधीच मुरत नाही, त्याला दारच नाही. तेच असं ठरवून पाहावं: पाळी बदलताना, आधीच्या पाळीच्या जॉबरकडून चार्ज घेतला, की पहिला प्रश्न ‘आज कुठला माग अडला?’ हा, ‘उत्पादन किती?’ हा दुसरा. ताणा कुठे तुटतोय, कुठल्या बीमवरच्या सुताला सायझिंगची खळ नीट लागलेली नाही, हे या एका प्रश्नातून कळतं. आणि पाळी रोज बदलते, त्यामुळे खूण शोधावी लागत नाही. ‘अमुक घडलं की तमुक करायचं’ असं आधी ठरवलेलं जास्त पार पडतं, हे पीटर गॉलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी 2006 साली 94 चाचण्यांचा ताळा मांडून दाखवलं आहे. उलट, महिन्यातून एकदा होणाऱ्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये नम्र वागण्याची सवय लावू पाहणाऱ्याने बारा महिन्यांत बारा वेळाच सराव केलेला असतो.

‘एक दिवस चुकला की सगळं पाण्यात’ हा याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. लॅलींच्या नोंदींत एखादी खेप चुकल्याने सवय मुरण्यात लक्षात येण्यासारखा फरक पडलेला नाही. त्यामुळे एका पाळीत तोल गेला, तर दुसऱ्या पाळीत पुन्हा सुरू करावं. वहीचं पान फाडून पहिल्या दिवसापासून मोजत बसू नये.

आता ते ‘रक्तात असावं लागतं’. जुळ्यांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात (2006) नेतृत्वाच्या जागेवर कोण पोचतं, यातल्या फरकाचा साधारण 30 टक्के भाग आनुवंशिक निघाला. उरलेला 70 टक्के शिबिरवालेही विसरतात. आणि पुरावा हवा तर माधवनगर स्टेशनवरून पुण्याकडे जाणारी पॅसेंजर पकडावी, नांद्रे, भिलवडी सोडलं की पुढे किर्लोस्करवाडी येते. ती वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले, रंगांधळेपणामुळे ती सोडावी लागली, मग यांत्रिक ड्रॉइंग शिकवण्याची नोकरी केली. बढती हुकल्यावर बेळगावला सायकलचं दुकान. पुढे लोखंडी नांगर करायला घेतले, तर त्याने जमिनीत विष कालवलं जातं, असं शेतकरी म्हणत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. 1910 साली औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्या वसाहतीत त्यांनी अस्पृश्यता पाळायला बंदी केली आणि शिक्षा भोगलेल्यांना रात्रपाळीचे राखणदार नेमलं.

किरकोळ समज आणखी आहेत. फीडबॅक दिला की काम सुधारतंच? क्लुगर आणि डिनिसी यांनी 1996 साली सहाशेंवर निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ठिकाणी काम उलट बिघडलेलं दिसलं. चुका कमी नोंदवणारी टीम चांगली? एमी एडमंडसन यांना दवाखान्यांत उलटं दिसलं: जिथे बोलायची भीती नाही, तिथे चुकांच्या नोंदी जास्त. कडक माणसालाच लोक वचकतात? वचकतात खरे, पण तो जवळ आला की तुटलेला धागा लपवतात.

आणि नवी सवय लागली की नाही, हे सुपरवायझरला विचारून कळत नाही. अकरा आठवड्यांनी जॉबरला विचारावं, तेही साहेब शेडमध्ये नसताना.