व्यवस्थापकाची खुर्ची आणि संगणकाचीं धुळाक्षरें

चाळिशीला टेकलेला, कारखान्यांत तीस माणसांवर देखरेख करणारा घरचा कर्ता मुलगा एके दिवशीं जेवतांना सांगतो कीं, व्यवस्थापकी सोडून आपण सॉफ्टवेअर लिहिण्याच्या धंद्यांत शिरणार; आणि त्या विद्येचा अनुभव तर शून्य! घरांत पुढें काय होतें हें वाचकांस सांगावयास नको. वडील न बोलतां पानावरून उठतात. कर्जाचा हप्ता जिला तोंडपाठ असतो ती सूनबाई तेवढी नेमका प्रश्न विचारते : पहिलें वर्ष कसें काढावयाचें? सोलापुरांतल्या आमच्या परिचित घरांतून असे प्रसंग अलीकडे वारंवार घडूं लागले आहेत, आणि जुने विद्यार्थी सल्ल्यासाठीं आमच्याकडे येतात. आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. तरी विषय समजून घेतल्याविना बोलूं नये, या मास्तरी खोडीमुळें आम्ही जी चौकशी केली ती येथें मांडतों.

सोलापूरकरांना हा धंदा वाटतो तितका परका नाहीं. आमची चादर ज्या जकार्ड मागावर विणली जाते, त्यावर भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असे. कांहीं ठिकाणीं अजूनही फिरते. भोक असेल तेथें ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथें तो खालींच राहतो. अशा हजारों 'आहे' आणि 'नाहीं' यांतून वेलबुट्टी उमटते. फ्रान्समधील जकार नांवाच्या गृहस्थानें ही युक्ति १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानें आपल्या नियोजित गणनयंत्रासाठीं तीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. त्या यंत्रावर एडा लव्हलेस या बाईंनीं १८४३ सालीं जीं टिपणें प्रसिद्ध केलीं, त्यांत संगणकाच्या आज्ञालेखनाचें आद्य उदाहरण सांपडतें असें पुष्कळ जण मानतात. नक्षी पाहून पुठ्ठे पाडणारा आमचा कारागीर एका अर्थीं आज्ञावलीच लिहीत आला आहे.

दुसरा दुवा पाणिनीचा. सामान्य नियम कोणता, अपवाद कोणता, दोहोंत विरोध आला तर बलवान कोणता, हें सुमारें चार हजार सूत्रांत त्यानें बांधून ठेविलें. संगणकभाषांचें व्याकरण मांडण्याच्या बॅकस यांच्या पद्धतीला पाणिनीचेंही नांव जोडावें, अशी सूचना इंगरमन नांवाच्या तज्ज्ञानें १९६७ सालीं केली होती. (यावरून 'आमच्याकडे सर्व होतेंच' असें म्हणणारांशीं आमचें जमत नाहीं. अष्टाध्यायी मुखोद्गत असलेल्या शास्त्रीबोवांना नातवाच्या मदतीवांचून संगणक उघडतां येत नाहीं, हें आम्ही पाहिलें आहे.)

धंदा बदलण्याचें धाडस म्हटलें कीं तरुण मंडळी वालचंद हिराचंद यांचें नांव पुढें करतात. वालचंद १८८२ सालीं सोलापुरांतच जन्मले. घरचा सावकारीचा व कापसाचा व्यवहार सोडून, रेल्वेंत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारींत ते बांधकामाच्या मक्त्यांकडे वळले. पुढें बोरघाटांतले बोगदे, १९१९ सालीं सिंदिया कंपनीचीं जहाजें, १९४० सालीं बंगळूरचा विमानांचा कारखाना. इंजिनिअरची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. उदाहरण मोठें खरें, पण तें येथें नीट लागू पडत नाहीं. वालचंदांनीं बोगदा स्वतःच्या हातानें खणला नाहीं. माणसें, पैसा आणि वेळ यांची ते सांगड घालीत. तें व्यवस्थापनच होतें. आमच्या या व्यवस्थापकाला मात्र स्वतः कुदळ हातीं धरावयाची असते. त्यापेक्षां ग्रेस हॉपर या अमेरिकन बाईंचें उदाहरण जवळचें. गणिताच्या प्राध्यापिका असलेल्या या बाई १९४३ सालीं, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, आरमाराच्या सेवेंत शिरल्या आणि पुढल्या वर्षीं त्यांना एका अजस्र गणनयंत्रापुढें उभें करण्यांत आलें. असलें यंत्र त्यांनीं पूर्वीं पाहिलेंही नव्हतें. तथापि गणिताची बैठक पक्की होती, हें विसरतां कामा नये.

अक्कलकोट रस्त्यावरील एका चादरीच्या कारखान्यांत व्यवस्थापक असलेल्या आमच्या एका विद्यार्थ्यानें हा मार्ग पत्करला. त्यानें राजीनामा दिला नाहीं. पहांटे पांच ते सात पायथॉन नांवाची संगणकभाषा शिकावयाची, आय.आय.टी.च्या प्राध्यापकांचीं फुकट मिळणारीं व्याख्यानें ऐकावयाचीं, मग कामावर जावयाचें, असा दीड वर्ष क्रम ठेविला. सुताचा साठा आणि आलेल्या मागण्या यांचा मेळ घालणारी एक लहानशी आज्ञावली त्यानें आपल्याच कारखान्यासाठीं लिहिली. पुण्याच्या मुलाखतींत तिचाच उपयोग झाला. कारण सुताचा हिशेब कोठें चुकतो हें कोऱ्या पदवीधराला ठाऊक नसतें, याला तें पंधरा वर्षांचें पाठ होतें. पगार मात्र तिसऱ्या हिश्शानें घटला.

कठीण काय गेलें, असें आम्ही विचारलें. गणित नव्हे, म्हणाला. पंधरा वर्षें दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आतां यंत्र दिवसांतून पन्नास वेळां आपली चूक काढतें, आणि उरलेल्या चुका सव्वीस वर्षांचा वरिष्ठ चारचौघांत दाखवितो. पहिले तीन महिने रोज परत यावेंसें वाटे.

याच्या बरोबरीच्या दुसऱ्यानें आधीं नोकरी सोडली आणि नोकरीची हमी देणाऱ्या एका शिकवणीवर्गाला मोठी रक्कम भरली. आठ महिन्यांनीं तो सोलापुरांतच पूर्वीहून खालच्या जागेवर रुजू झाला. हमी या शब्दाचा अर्थ फी भरण्यापूर्वीं लेखी विचारून घ्यावा, एवढेंच आमचें म्हणणें. एम.एस.-सी.आय.टी.ची परीक्षा दिली म्हणजे ही विद्या आली, हीही समजूत टाकून द्यावी. ती परीक्षा संगणक वापरण्याची, आज्ञावली रचण्याची नव्हे. शिवाय आज्ञावल्या स्वतःच लिहून देणारीं यंत्रें आतां आलीं आहेत. त्यामुळें नवशिक्याचें पहिलें काम बरेंचसें तींच उरकतात. त्यांनीं लिहिलेलें तपासणारा माणूस अजून लागतो, पण तपासावयाला आधीं स्वतः लिहितां यावें लागतें.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या पत्नीनें घरखर्चाच्या दहा महिन्यांची रक्कम आधींच बाजूला काढून ठेविली होती; त्यांतले सहा महिने खर्ची पडले. तो अधूनमधून हुतात्मा एक्स्प्रेसनें घरीं येतो. त्याच्या मातोश्री शेजाऱ्यांना अजून तो पुण्यास 'मॅनेजर' आहे असेंच सांगतात.