डोमेनच्या नोंदीत घरचा पत्ता झाकावा का?

विटा - सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेल्या विटेकरांपैकी कोणी दुकानाचे संकेतस्थळ काढल्यास, डोमेन नोंदविताना नाव, पत्ता व दूरध्वनी द्यावा लागतो. 'डॉट कॉम'ची ही माहिती पूर्वी 'हू-इज' नोंदीत जगजाहीर असे. युरोपच्या कायद्यामुळे मे २०१८ पासून ती बहुतांशी झाकली जाते. सोने हाताळणाऱ्याच्या घरचा पत्ता झाकलेलाच बरा. दुकानाचे नाव व ठिकाण मात्र संकेतस्थळावर ठळक हवे; अन्यथा ग्राहकाने विश्वास कशावर ठेवायचा? गुप्तता म्हणजे खोटी माहिती नव्हे. ई-मेलची पडताळणी १५ दिवसांत न झाल्यास डोमेन स्थगित होऊ शकते. नोंदणी स्वतःच्याच नावे करून घ्यावी. संकेतस्थळ बनविणाऱ्याने ती आपल्या नावे केली, तर झाकलेल्या नोंदीत ते चटकन लक्षातही येत नाही.