पाइप फुटला, क्लेम कुणाचा?

भाड्याच्या फ्लॅटमध्ये मध्यरात्री गीझरचा पाइप फुटतो आणि सकाळी हॉलमध्ये घोटाभर पाणी असतं. भाडेकरूला वाटतं, मालकानं घराचा विमा काढलाय, म्हणजे आपलंही नुकसान भरून निघेल. सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. मालकाच्या पॉलिसीत त्याचं घर आणि त्याच्या वस्तू येतात. भिजलेली गादी, लॅपटॉप, मुलांची पुस्तकं भाडेकरूची. ती त्यात नाहीत. केवळ सामानाचा विमा भाडेकरूला वेगळा काढता येतो, आणि त्यानं तो जरूर काढावा.

पाण्यानं झालेलं कुठलंही नुकसान विमा भरून देतो, असंही नाही. 1 एप्रिल 2021 पासून मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, भरून वाहणं याला संरक्षण आहे. घर राहण्याजोगं उरलं नाही, तर मालकाचं बुडालेलं भाडंही त्यात धरलेलं आहे. मात्र बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांतून वर्षभर झिरपून भिंतीला धरलेली ओल, सुटलेले पोपडे ही देखभालीतली हयगय मानली जाते. तिथे क्लेम बहुधा अडतो.

म्हणून पाइप नेमका कधी फुटला, याचा पुरावा जपायला हवा. आधी मेन व्हॉल्व्ह बंद करा, पाणी उपसा. नुकसान वाढू न देणं हे आपलंच काम. पण फोटो-व्हिडिओ काढल्याशिवाय काही हलवू नका. मालकाला त्याच दिवशी लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर का होईना. फुटलेला तुकडा सर्व्हेयर येईपर्यंत जपून ठेवा आणि प्लंबरकडून बिलावर कारण लिहून घ्या. नुसतं 'पाइप बदलला' एवढ्यावर पुढं भांडता येत नाही.

'सोसायटी बघेल' हेही अर्धंच खरं. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार सामायिक पाइपलाइनची गळती सोसायटीकडे, तर घरातल्या सिंक-टॉयलेटची सभासदाकडे, म्हणजे मालकाकडे. किरकोळ दुरुस्ती भाडेकरूनं करायची का, ते लिव्ह अँड लायसन्सच्या करारात पाहा. खालच्या घराचं छत भिजलं, तर मालकाच्या मूळ पॉलिसीतून ते भरून मिळत नाही.

कंपनीनं नकार दिला की संपलं, असं समजून कित्येक जण गप्प बसतात. तसं करू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही.