ट्रेडमिलवरचं एक मरण

मोहन्याच्या नाक्यावर सकाळचे साडेसहा होताहेत. आंबिवली स्टेशन गाठायचंय ती माणसं टपरीवर उभ्याउभ्या चहा संपवून पळताहेत. बाकावरच्या काकांना घाई नाही. ते एनआरसीतले जुने कामगार; रेयॉनच्या त्या कारखान्याला २००९ साली टाळं लागलं.

"काका, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना?" शेजारचा पोरगा विचारतो.

"तो कॉमेडियन राजू श्रीवास्तव विसरलास? ट्रेडमिलवरच पडला ना!"

बाकावरच्या माना हलतात. बातमी ऑगस्ट २०२२ची, पण काका ती काल घडल्यासारखी सांगतात. त्याच गप्पांत आळीतल्या दोघांची आठवण निघते. एकाची साखर वाढली होती, दुसऱ्याला झोपेत अ‍ॅटॅक आला. दोघंही वर्षानुवर्षं घरात बसून होते, हे मात्र कुणाच्या तोंडून निघत नाही. बसण्याने आलेल्या मरणाची बातमी होत नाही, म्हणून ते मोजलंही जात नाही. जे चटकन आठवतं तेच वारंवार घडतं असं मन धरून चालतं, हे डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७३ साली दाखवलं होतं. मोहन्याच्या या बाकावर आत्ता तेच चाललंय, आणि मला काकांची काळजी वाटतेय.

"शिवाय जन्मभर उभ्याने पाळ्या केल्यात," काका म्हणतात. "तेवढा व्यायाम पुरे."

अंगमेहनत काही बँकेत साठून राहत नाही. मी त्यांना लंडनच्या डबलडेकर बसची गोष्ट सांगतो. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली मांडलेली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त.

चहा घेणारा रिक्षावाला कप खाली ठेवतो. "म्हणजे आम्हीपण त्यातच?"

काका गप्प आहेत. मग विचारतात, "किती चालायचं?"

"आठवड्याला दीडशे मिनिटं, जरा झपझप. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. एकदम नको, सुरुवातीला दहा मिनिटंही चालतील."

"रोजची वीस-बावीस पडतात." कामगाराचा हिशेब पक्का. "बघू, सोमवारपासून."

टपरीवाल्या मावशी गाळणी आपटतात. "आज गुरुवार आहे, काका."