तलावातला गाळ शोधायला निघालेल्या शास्त्रज्ञांनी भूमिहीनांना पाण्याचा वाटा कसा मिळवून दिला?

चंदिगडला गेलेला माणूस दोन ठिकाणी फोटो काढल्याशिवाय परत येत नाही. एक रॉक गार्डन आणि दुसरं सुखना लेक. संध्याकाळची गर्दी, पॅडल बोटी, मागे शिवालिकचे डोंगर. बघून वाटतं हा तलाव इथं पहिल्यापासूनच असणार.

पण तो माणसांनी तयार केलेला आहे. १९५८ साली डोंगरातून येणाऱ्या ‘सुखना चो’वर बांध घातला आणि तलाव झाला. ‘चो’ म्हणजे तिकडच्या बोलीत फक्त पावसाळ्यात वाहणारा ओढा. नव्या कोऱ्या, आखीव-रेखीव शहराला शोभेल असं पाणी मिळालं.

मग लफडं सुरू झालं. दर पावसाळ्यात पाण्याबरोबर डोंगरातली माती खाली यायची आणि तलावात बसायची. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तलावाची निम्म्याहून जास्त जागा गाळाने खाल्ली होती. बांधून अजून वीस वर्षंही झाली नव्हती.

गाळ काढायचा तर खर्च प्रचंड, आणि पुढच्या पावसात परत तेच. त्यामुळे हा गाळ येतो कुठून ते आधी शोधा, असं ठरलं. हे काम आलं केंद्रीय मृद व जलसंधारण संशोधन संस्थेच्या चंदिगड केंद्राकडे. तिथले प्रमुख होते पी. आर. मिश्रा.

टीम ओढ्याच्या उलट दिशेने वर चढत गेली. बहुतेक गाळ पाणलोटाच्या एका लहानशा भागातून येत होता, आणि माग काढत ते पोहोचले सुखोमाजरी नावाच्या छोट्या गावात. आजच्या हरियाणातल्या पंचकुला जिल्ह्यातलं हे गाव. वस्ती गुज्जरांची, घरं साठच्या आसपास. शेती पावसावर, त्यातून वर्षभराचं धान्यही निघेना. म्हणून शेळ्या, गुरं. आणि शेळ्या चरणार कुठे? डोंगरावर. झाडोरा संपला, माती उघडी पडली आणि शिवालिकची ती भुसभुशीत माती थेट चंदिगडच्या तलावात.

शहरातल्या साहेबांच्या नजरेतून बघितलं तर गुन्हेगार सापडला होता. शेळ्या बंद करा, विषय संपला.

सुरुवातीला तसंच काहीसं झालं. चर खोदले, झाडं लावली, ओढ्यांना अडथळे घातले. जनावरं डोंगरावर सोडू नका, असं गावाला सांगितलं. गावाने ऐकून घेतलं आणि शेळ्या सोडल्या. यात हट्टीपणा काही नव्हता. तलाव शहराचा, बोटिंग शहराचं, आणि त्यासाठी आपली शेळी उपाशी कोण ठेवेल?

१९७६ च्या सुमाराला टीमने गावाच्या वरच्या अंगाला मातीचा एक छोटा बंधारा बांधला. हेतू एवढाच की गाळ तिथंच अडावा. सिंचन वगैरे कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

पुढे हिवाळ्यातल्या पावसाने दडी मारली आणि गहू उभ्याउभ्या सुकायला लागला. वर बंधाऱ्यात पाणी दिसत होतं. गावकऱ्यांनी विचारलं, हे पाणी आम्हाला द्या की. पाणी दिलं. गहू वाचला.

माझ्या मते या अख्ख्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा शोध हा आहे, आणि तो कोणत्याही प्रयोगशाळेत लागलेला नाही. शास्त्रज्ञ माती मोजत होते. गावाला पाणी हवं होतं. पाणी मिळालं तर हेच लोक डोंगर राखतील, कारण डोंगर राखला नाही तर बंधारा गाळाने भरेल आणि पाणी जाईल. शहराचा फायदा आणि गावाचा फायदा पहिल्यांदा एका दोरीला बांधला गेला.

मग आणखी बंधारे झाले, जमिनीखालून पाइपलाइन गेली. सगळं छान चाललंय असं वाटत असताना नवा तिढा उभा राहिला. ज्यांची शेतं पाइपच्या वाटेवर होती त्यांचं फावलं. ज्यांची नव्हती, किंवा ज्यांच्याकडे शेतच नव्हतं, ते म्हणाले, “पाणी त्यांना, आणि शेळ्या मात्र आम्ही बांधून ठेवायच्या?” परत जनावरं डोंगरावर गेली.

प्रश्न चोख होता, उत्तरही तसंच द्यावं लागलं. बंधाऱ्यातल्या पाण्यात प्रत्येक घराचा सारखा वाटा ठरला. जमीन किती आहे ते बघायचं नाही. जमीन अजिबात नसली तरी वाटा आहे.

आता तुम्ही म्हणाल, ज्याला शेतच नाही तो पाण्याचं करणार काय? तर तो आपला वाटा दुसऱ्याला विकू शकत होता. किंवा ज्याच्याकडे जमीन जास्त आणि पाणी कमी, त्याच्याशी भागीदारी करायची. जमीन तुझी, पाणी माझं, पीक वाटून घेऊ. यासाठी पाण्याच्या कुपनांची पद्धतही आणली. बदल्यात अट एकच, डोंगरावर जनावर मोकळं सोडायचं नाही. काटेरी तार नाही, चौकीदार नाही. प्रत्येकाचं काहीतरी पणाला लागलेलं असल्याने गावच एकमेकांवर लक्ष ठेवायला लागलं. संशोधकांनी याला नाव दिलं ‘सामाजिक कुंपण’.

कारभारासाठी गावाची सोसायटी झाली. डोंगर मोकळा राहिल्यावर गवत वाढलं, त्यात भाभर नावाचं एक गवत. त्याचे दोर वळतात आणि कागद गिरण्यांना लगदा करायला लागतं. आधी ते कापायचा ठेका बाहेरच्या ठेकेदाराकडे जायचा. आता गवताचा ठेका सोसायटीकडे आला. चारा कापून गोठ्यात घालायचा म्हटल्यावर शेळी परवडेना, म्हैस परवडायला लागली. शेळ्या घटल्या, म्हशी वाढल्या, दूध विकलं जाऊ लागलं. तलावाकडे जाणारा या भागातला गाळ फारच कमी झाला, हे वेगळं सांगायला नको. पुढे तर या सोसायटीच्या उत्पन्नावर आयकर लागला. उजाड डोंगर हिरवा केल्याबद्दल सरकारने दिलेली ही पावती म्हणायची.

आपल्याकडे जवळपास त्याच काळात असाच विचार करणारा एक माणूस होता. १९७२ च्या दुष्काळाने हादरलेले पुण्यातले अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे. त्यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानची साधारण १६ हेक्टर माळजमीन घेऊन प्रयोग केला आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचताना दचकायला होतं. पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता माणशी वाटायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही!

यात दचकण्यासारखं काय, हे पाहायचं तर पाणलोटाचं काम झालेलं आपलं कोणतंही गाव आठवा. काम ‘माथा ते पायथा’ चालतं. माथ्यावर चर खोदतात, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी होते. पाणी मुरतं आणि पायथ्याच्या विहिरींना येतं. आता बघा, माथ्यावरची बंदी कोणाला बोचते? धनगराला, दोन शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीन बाईला, सरपण वेचणारीला. आणि पायथ्याची विहीर कोणाची? जमीनवाल्याची. श्रमदानाला फावडं घेऊन दोघंही असतात, फोटोतही दोघं असतात. पाणी एकाच्याच पंपाला येतं.

कायदाही त्याच्याच बाजूने उभा आहे. १८८२ च्या इंग्रजांच्या काळातल्या ईझमेंट्स अ‍ॅक्टप्रमाणे आपल्या जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क जमीनमालकाचा. भूजल म्हणजे सगळ्या गावाचं, हे भाषणात म्हणायला ठीक. सातबारा नसलेल्या माणसाला त्या पाण्यावर बोट ठेवता येत नाही. सुखोमाजरीत पाणी बंधाऱ्यात, उघड्यावर साठलेलं होतं, म्हणून निदान वाटे घालता आले. विहिरीत गेलेल्या पाण्याचे वाटे घालणं कितीतरी अवघड.

सुखोमाजरीचं पुढे काय झालं? गोष्ट ‘आणि ते सुखाने नांदू लागले’ अशी नाही. भाभर गवताला आधीसारखी मागणी राहिली नाही. काही बंधारे शेवटी गाळाने भरलेच. गावाच्या उत्पन्नातला वाटा वनखात्यालाही जात राहिला. पोरं शहरातल्या नोकऱ्यांकडे वळली, साहजिकच.

आणि घरटी समान वाट्याची पद्धतही टिकली नाही. पाणी तासाच्या दराने विकायचं आणि पैसे सोसायटीत भरायचे, असं ठरलं. हिशेबाला हे सोपं होतं. पण पाणी विकत तोच घेणार ज्याच्याकडे शेत आहे, आणि भूमिहीनाच्या हातात विकायला काही उरलं नाही. त्याचा वाटा गावाच्या नियमात लिहिलेला होता, कायद्यात नव्हता. नियम बदलला आणि वाटा गेला.

खालच्या तलावाचं तसं नाही. मार्च २०२० मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने सुखना लेकला जिवंत व्यक्तीचा दर्जा आणि हक्क असल्याचं जाहीर केलं.