तांब्याची जुनी नाणी

इंदापूर आणि बारामती तालुक्यातील सुपे ही गावे एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत होती. या भागातील जुन्या वाड्यांत, देव्हाऱ्यात किंवा फडताळात, तांब्याची नाणी सापडली तर नवल नव्हे.

त्यांतील ओबडधोबड नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असली, तर ती शिवराई होय. १८१८ साली पेशवाई बुडाली, तरी शिवराई पुढेही बाजारात चालत राहिली.

१८३५ साली कंपनी सरकारने सर्व प्रांतांसाठी एकच चलन सुरू केले. त्या सालचा पाव आणा यंत्रावर पाडलेला, वाटोळा व सुमारे साडेसहा ग्रॅम वजनाचा असतो. त्यावर कंपनीचे सिंहांकित चिन्ह असते. १८६२ पासूनच्या नाण्यांवर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा दिसतो.

परंतु जुने ते सारेच मोलाचे, असे नाही. पाव आणे विपुल पाडले गेले. म्हणून साध्या नाण्यास फारशी किंमत येत नाही. दुर्मिळता व छापाची स्पष्टता यांवर मोल ठरते. चिंचेने घासून नाणे लखलखीत केल्यास ते घटते.

रामदरबार व १८१८ साल कोरलेला ‘कंपनीचा अर्धा आणा’ लाखोंचा म्हणून भोळ्या लोकांच्या गळ्यात मारतात. असे नाणे कंपनीने पाडलेच नव्हते! डोळसपणे पाहणाऱ्यास नाणे इतिहास सांगते. लोभाने पाहणारा मात्र फसतो.